नदी सरासरीने येत नाही

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे, आणि खरं सांगायचं तर जरा रागातच बसलो आहे. तेव्हा एखादा शब्द तिखट पडला तर म्हाताऱ्याला सांभाळून घ्या.

हिंगणघाट तालुक्यात वणा नदीच्या काठी आमचं वडिलोपार्जित वावर आहे. मी आयुष्यभर मास्तरकी केली, वावर आता पुतण्या वाहतो. 2025 च्या पावसाळ्यात नदी दोनदा धुऱ्याच्या आत आली. दुसऱ्या वेळी पाणी तीन दिवस हललं नाही. काळी जमीन, ती काय पाणी सोडते? सोयाबीन सडलं, पऱ्हाटी उभ्याउभ्या वाळली. नंतर काही महिन्यांनी मी विचारलं, "अरे, विमा भरला होता ना? त्याचं काय झालं?"

तो म्हणाला, "काकाजी, मंडळाची सरासरी बरी आली म्हणतात. आपल्याला काही नाही." आणि वर हसून, "तुम्ही तर गणित शिकवत होते, तुम्हीच समजावून सांगा!"

तर तेच करतो.

लहानपणी आम्ही एका मुनीमजीची गोष्ट ऐकत होतो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकली असेल. मुनीमजी बायकापोरांना घेऊन नदीवर आले. काठाला पाणी हातभर, मध्ये चार हात, पलीकडे पुन्हा हातभर. त्यांनी वहीत बेरीज करून तिनाने भागलं. सरासरी दोन हात! सगळ्यात धाकटं पोर अडीच हात उंच. म्हणाले, चला, कुणीच बुडत नाही. पुढचं सांगायला नको. पलीकडे पोचल्यावर मुनीमजींनी पुन्हा हिशेब तपासला, तो बरोबरच होता.

आपल्या पीक विम्याचा हिशेब आता असाच बरोबर आहे.

प्रधानमंत्री पीक विमा योजना 2016 च्या खरिपापासून आली. तिचा मुख्य आधार क्षेत्राची सरासरी हाच आहे. आपल्याकडे ते क्षेत्र म्हणजे महसूल मंडळ, कितीतरी गावं मिळून एक. मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांच्या उत्पन्नाची सरासरी काढायची, तिचे 70 टक्के म्हणजे उंबरठा उत्पन्न. यंदाचं मंडळाचं उत्पन्न त्याखाली गेलं तरच भरपाई. पण याशिवाय 'स्थानिक आपत्ती' म्हणून एक वेगळं दार होतं. एकट्याच्या शेतात पाणी साचलं, गारपीट झाली, तर 72 तासांच्या आत कळवायचं आणि त्या एका शेताची पाहणी व्हायची. खरीप 2025 पासून महाराष्ट्रात हे दार बंद केलं. राहिले पीक कापणी प्रयोग, काही पिकांना उपग्रहाच्या अंदाजाची जोड, आणि मंडळाची सरासरी.

आता फळ्यावर मांडून पाहू. आकडे माझे आहेत, उदाहरणापुरते. मंडळाचं सोयाबीनचं सरासरी उत्पन्न हेक्टरी 12 क्विंटल. त्याचे 70 टक्के म्हणजे उंबरठा 8.4. यंदा नऊ भाग जमिनीवर 10 क्विंटल पिकलं आणि नदीकाठच्या एक भागात शून्य. सरासरी आली 9. नऊ हे 8.4 पेक्षा जास्त, म्हणून भरपाई कुणालाच नाही. समजा सरासरी घसरून 7.56 झाली, तर तूट 10 टक्के. मग सगळ्यांना विमा रकमेच्या 10 टक्के! ज्याचं सगळं गेलं त्यालाही 10, ज्याचं थोडं गेलं त्यालाही 10. याला विमा म्हणायचं का हो?

दुष्काळाला ही पद्धत चालते. दुष्काळ पडला की सगळ्या मंडळावर पडतो. नदीचा पूर तसा नसतो, तो पट्ट्याने येतो. वरून नागपूर जिल्ह्यातल्या नांद आणि वडगाव जलाशयांचं पाणी सुटतं, खाली वर्धा भरलेली असली की वणेचं पाणी तिच्यात शिरत नाही, मागे फुगतं, आणि काठाकाठाने वावरं घेत जातं. कोसभर वरच्या माणसाच्या पिकाला तोच पाऊस मानवतो. जुलै 2022 मध्ये हिंगणघाट आणि समुद्रपूर तालुक्यांनी हे पाहिलं आहे. आणि 30 जुलै 1991 चं मोवाड कोण विसरेल? नरखेड तालुक्यातलं ते गाव आपल्याच वर्धा नदीने एका सकाळी धुऊन नेलं, दोनशेच्या वर माणसं गेली. तालुक्याची सरासरी काढून ते दुःख कुणी मोजलं असतं का?

दुसरी बाजू मला माहीत आहे, ती लपवत नाही. 2023 च्या खरिपात एक रुपयात विमा आला आणि बोगस अर्जांचा सुळसुळाट झाला. सरकारी जमिनीवर, देवस्थानाच्या जमिनीवर लोकांनी विमे उतरवले. लाखो सूचना आल्यावर कुणी कुठे कुठे पाहणी करायची? हे सगळं खरं. पण वर्गात चार पोरांनी नक्कल केली म्हणून मी कधी सगळ्या वर्गाला सरासरी गुण दिले नाहीत.

आणि एक गंमत पाहा. 1 एप्रिल 2021 पासून देशातल्या सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे 'भारत गृह रक्षा' नावाची घराची पॉलिसी मिळते. तिच्यात पूर येतो. घरात पाणी शिरलं तर पाहणी करणारा तुमच्या घरी येतो, वॉर्डातल्या घरांची सरासरी ओल मोजत नाही. मोटारीच्या पूर्ण विम्याचं तेच. म्हणजे माझ्या सोफ्याला स्वतंत्र किंमत आहे, पुतण्याच्या पऱ्हाटीला नाही!

कुणी म्हणेल, सरकार मदत देतंच की. देतं. 2022 च्या पुरानंतर जिरायतीला हेक्टरी 13,600 रुपये, तीन हेक्टरपर्यंत, जाहीर झाले. पण मदत ही मदत आहे. ती किती, कधी, हे दर वेळी मुंबईत ठरतं. विमा हा करार असतो, त्यासाठी आपण आधी पैसे मोजलेले असतात. नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्राने जाहीर केलं की खरीप 2026 पासून धानाच्या शेतात पाणी साचणं पुन्हा स्थानिक आपत्तीत धरलं जाईल. चांगलं झालं, भंडारा-गोंदियाच्या भावांना उपयोग होईल. पण आमच्या वर्ध्यात कापूस, सोयाबीन, तूर. आमचं काय?

नुसती तक्रार करून थांबलो तर मास्तर कसला. उपाय अवघड नाही. पाटबंधारे खात्याकडे पूररेषा आखायची पद्धत आहेच: निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची. लाल रेषेच्या आतल्या गट नंबरांचा विम्यासाठी वेगळा पट्टा करा. जिथे रेषा आखलेली नाही तिथे आखा. पाणी आलं की नाही हे हैदराबादच्या राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्राच्या नकाशांवर दिसतं, रडारचा उपग्रह ढगांतूनही पाहतो. मग बोगस अर्जाला जागाच कुठे राहते?

यात आपल्याही वाट्याचं काही आहे, नातेवाइकांना हे मुद्दाम सांगतो. "25 वर्षांतून एकदा" याचा अर्थ 2022 ला आला, आता 2047 पर्यंत निर्धास्त, असा नाही. दर वर्षी शंभरात चार, असा त्याचा अर्थ. 30 वर्षं त्या पट्ट्यात शेती केली तर निदान एकदा तरी पाणी येण्याची शक्यता 71 टक्के होते. एवढी जोखीम घेणाऱ्याने वरच्या माणसापेक्षा थोडा जास्त हप्ता भरावा हे न्यायाचं आहे, आणि पूर न आलेल्या वर्षी "पैसे वाया गेले" असं म्हणू नये. रुपयात मिळालेल्या गोष्टीचे नियम वाचायची आपली सवयच गेली होती. पुतण्यालाही दार बंद झाल्याचं पाणी ओसरल्यावरच कळलं.

त्याने मला गणित समजावून सांगायला सांगितलं होतं. सांगितलं. तो म्हणाला, "काकाजी, गणित समजलं. आता बियाण्याला पैसे कुठून आणू ते सांगा." त्याचं उत्तर माझ्या पेन्शनीतून निघालं. ज्यांच्या घरात पेन्शनवाला काकाजी नाही, त्यांचं काय, हे मला कळलेलं नाही.

असो. वणेच्या काठावर ज्यांची वावरं आहेत त्यांनी पूररेषेचा नकाशा एकदा जाऊन पाहावा, आणि पुढच्या ग्रामसभेत वेगळ्या पट्ट्याचा ठराव मांडावा. मीही येईन. गुडघे दुखतात, पण येईन.