लस टोचावी, पण शिधा तोडून नव्हे



गेल्या वर्षावासात पिंगळी येथे जाण्याचा योग आला. परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे हे गाव. विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालू होते. वाचन आटोपल्यावर, नेहमीच्या रिवाजाप्रमाणे, मंडळींनी मला कायद्याच्या गोष्टी विचारावयास सुरुवात केली. कोणाची मोजणी अडली होती, कोणाच्या मुलाचे प्रमाणपत्र कचेरीत पडून होते. सर्वांच्या शेवटी एक तरुण माता पुढे आल्या. कडेवर दहा महिन्यांची मुलगी होती. त्यांनी विचारले, “वकीलसाहेब, ह्या लेकीला गोवराची सुई द्यायची का नाही, हे सरकारनं ठरवायचं का आम्ही?” त्यांच्या सासूबाई मागून म्हणाल्या, “करोनाच्या टायमाला दुकानदार म्हणला, सुई घेतल्याबिगर धान्य नाही. आता पुन्हा तसंच करायलेत का?”

माझ्या गाडीची वेळ झाली होती, म्हणून मी अर्धेच उत्तर देऊन उठलो. ते उत्तर आज आपल्या सर्वांच्या समोर पुरे करीत आहे. कारण हा प्रश्न त्या एका घराचा नाही. एका प्रश्नात दोन प्रश्न दडलेले आहेत, आणि लोक त्यांचा घोटाळा करतात. सरकारला सक्ती करता येते काय, हा एक. आपण लस घ्यावी की नाही, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ‘नाही’ आले म्हणजे दुसऱ्याचेही ‘नाही’ आलेच, असा समज गावोगाव पसरला आहे. तो समज चुकीचा आहे, आणि त्याची किंमत लहान लेकरे देत आहेत.

सासूबाईंची तक्रार आधी घेऊ. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्या वेळच्या औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघाला की, करोनाच्या लशीची निदान एक मात्रा घेतल्याचा दाखला दाखविल्याशिवाय पेट्रोल, गॅस आणि स्वस्त धान्य दुकानातील धान्य मिळणार नाही. जिल्ह्याचे लसीकरण राज्याच्या मानाने बरेच मागे होते, हे खरे. हेतू लोकांचे प्राण वाचविण्याचा होता, हेही मान्य केले पाहिजे. परंतु साधन पाहा! पेट्रोल अडले तर मोटारवाल्याची गैरसोय होते. धान्य अडले तर मजुराची चूल अडते. एकाच आदेशाचा भार दोघांवर सारखा पडत नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने अंत्योदय कुटुंबास महिना ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसास ५ किलो धान्याचा हक्क दिला आहे. त्या कायद्यात लशीची अट कोठेही नाही. संसदेने बिनशर्त दिलेल्या घासाला जिल्ह्याच्या कचेरीतून शर्त जोडली जाते, तेव्हा ती लशीची मोहीम राहत नाही; ती भुकेची धमकी होते.

मुंबईतही तेच झाले. ऑगस्ट २०२१ पासून लोकलगाडीत बसण्यास दोन मात्रा घेतल्याचा दाखला लागू लागला. ज्यांना घरी बसून काम करता येत होते त्यांना त्याची झळ कमी बसली. धुणीभांडी करणारी बाई मात्र स्टेशनाच्या दारातून परत फिरली. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हे आदेश विहित पद्धतीने निघालेले नाहीत असे राज्य सरकारच्या पदरात घातले. मौज अशी की, त्याच्या थोडेच आधी, जानेवारी २०२२ मध्ये, केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्रावर सांगितले होते की कोणाच्याही मनाविरुद्ध लस टोचली जात नाही. दिल्लीत ‘ऐच्छिक’ असलेली गोष्ट रेशनच्या दुकानापर्यंत येता येता ‘सक्तीची’ झाली होती!

अखेर २ मे २०२२ रोजी जेकब पुलियेल यांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. त्या याचिकेत महाराष्ट्राच्या निर्बंधांनाही आव्हान होते. न्यायमूर्ती नागेश्वर राव आणि न्यायमूर्ती भूषण गवई यांचे ते खंडपीठ होते. गवई हे अमरावतीचे, दादासाहेब गवई यांचे चिरंजीव. २०२५ साली ते देशाचे सरन्यायाधीश झाले, हे आपणांस ठाऊकच आहे. न्यायालयाने सांगितले की, घटनेच्या २१ व्या अनुच्छेदाने प्रत्येकास आपल्या शरीरावर अधिकार दिला आहे व कोणासही बळजबरीने लस टोचता येणार नाही. मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी सरकारला वाजवी निर्बंध घालता येतात. ते निर्बंध प्रयोजनाच्या प्रमाणात असले पाहिजेत. लस न घेतलेला माणूस घेतलेल्यापेक्षा करोना अधिक पसरवितो असे दाखविणारा पुरावा त्या वेळी राज्यांनी पुढे ठेवला नव्हता. म्हणून ते निर्बंध प्रमाणाबाहेरचे ठरले.

हा निकाल अनेकजण अर्धाच वाचतात. त्याच निकालाने सरकारचे लसीकरणाचे धोरण अवाजवी नाही असे म्हटले आहे, आणि मुलांच्या लसीकरणाचा निर्णयही रद्द केला नाही. लस वाईट आहे असे न्यायालयाने कोठेही म्हटलेले नाही. सरकारने माहिती खुली ठेवावी, लशीनंतर अपाय झाल्यास त्याची नोंद सामान्य माणसालाही करता यावी, असे मात्र बजावले.

सक्तीचे समर्थन रोगागणिक बदलते, हा त्यातला खरा धडा आहे. धनुर्वात एकापासून दुसऱ्यास होत नाही. त्याची लस न घेणारा प्रौढ स्वतःपुरताच धोका पत्करतो. गोवराचे तसे नाही. गोवराचा एक रोगी, संरक्षण नसलेल्या बारा ते अठरा जणांना तो रोग देऊ शकतो. शंभरातील पंचाण्णवांना लस मिळाली तरच साथ थोपते. आणि नऊ महिन्यांखालच्या अर्भकास नेहमीच्या वेळापत्रकात ही लस नसते. त्याचे रक्षण शेजारच्या मुलाच्या दंडावरच अवलंबून असते. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या वस्तीत, भिवंडीत आणि मालेगावात गोवराची साथ आली व मुले दगावली. केंद्र सरकारला साथीच्या भागात सहा महिन्यांच्या बाळांनाही जादा मात्रा देण्यास सांगावे लागले. ही वस्त्यांची नावे नीट वाचा. साथ बंगल्यांत शिरली नाही. जेथे एका खोलीत आठ माणसे निजतात तेथे शिरली. तेव्हा ‘माझे शरीर, माझी मर्जी’ हे वाक्य प्रौढ माणसाने आपल्यापुरते म्हणावे. दहा महिन्यांच्या मुलीचे शरीर आईबापांची मालमत्ता नव्हे. तिलाही २१ वा अनुच्छेद लागू आहे.

आता कोणी विचारील, आपल्या लोकांना सुईची भीती का? त्यांस अडाणी म्हणून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. मी तसे म्हणणार नाही. ह्या भीतीस इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात देवीची लस एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशी नेली जात असे. वरिष्ठ जातीचे लोक अस्पृश्याच्या दंडावरील लस घेण्यास नाके मुरडीत, आणि लस वाहून नेण्यास मात्र पुष्कळदा गरिबांचीच मुले धरली जात. दंड आमचा चालत असे. स्पर्श चालत नसे! पुढे १८७७ साली मुंबई शहरासाठी आणि १८९२ साली इलाख्यातील जिल्ह्यांसाठी लसीकरणाचे कायदे झाले.

त्याहून ताजी जखम आणीबाणीची. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच मंजूर केले; राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झाले नाही. लशीने मूल होत नाही, ही अफवा आजही चटकन् पेट घेते, त्याचे मूळ येथे शोधावे. अमेरिकेतही हाच उतार दिसला. १९०५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने देवीची लस न घेणाऱ्यास पाच डॉलर दंड योग्य ठरविला. बावीस वर्षांनी त्याच निकालाचा आधार घेऊन एका तरुण स्त्रीची सक्तीची नसबंदी कायदेशीर ठरविली गेली. शरीरावरच्या सक्तीचे दार एकदा किलकिले केले की त्यातून कोण आत येईल, हे आधी सांगता येत नाही. वकील या नात्याने मला ह्याच दाराची चिंता वाटते.

संमतीच्या नावाने गरिबाची फसवणूक होते, तिचेही एक उदाहरण देतो. २००९-१० साली खम्मम व वडोदरा जिल्ह्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लशीचा अभ्यास झाला. अनेक आदिवासी मुलींच्या संमतिपत्रांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्या. आईबापांस पत्ता नव्हता. संसदेच्या स्थायी समितीने २०१३ साली त्यावर कडक ताशेरे ओढले. लस उपयुक्त असूनही ती देण्याची रीत अन्यायाची ठरली. उलट, गोवर-रुबेलाच्या शालेय मोहिमेत पालकांची माहितीपूर्वक संमती घ्यावी, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला. तो मला योग्य वाटतो.

पण बंधु-भगिनींनो, इतिहासाच्या ह्या भीतीआड आपण दडून बसणार आहोत काय? आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या, देव्हारा उतरविला. गोवर-कांजिण्या अंगावर आल्या की मरीआईला नवस करावयाचा, औषध बंद करावयाचे, ही रीत आपण सोडली. आणि आता मोबाइलवर आलेल्या निनावी चित्रफितीला तोच मान देऊ लागलो, तर मरीआईने घर बदलले एवढेच म्हणावे लागेल. विहारातल्या त्या दिवशीही एका मुलाने मला अशी चित्रफीत मोठ्या विश्वासाने दाखविली. बोलणाऱ्याचे नाव नाही, गाव नाही, पुरावा नाही. कोर्टात असला साक्षीदार एक मिनिट टिकला नसता.

१८९७ च्या प्लेगची आठवण करा. त्या वर्षी जानेवारीत मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःस टोचून घेतली. पुण्यात रँडच्या अमलाखाली सोल्जर घरे तपाशीत होते. आणि त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलास पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात पोचल्या. त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. सोल्जर दारात आला तेव्हा लोकांनी रोगी लपविले. सावित्रीबाई आल्या तेव्हा लेकरू त्यांच्या पाठीवर दिले. देवी १९७५ नंतर भारतातून गेली. पोलिओ गेल्याचे प्रमाणपत्र २०१४ साली मिळाले, ते कोणाचे धान्य तोडून मिळालेले नाही. कार्यकर्त्या स्टेशनावर, वीटभट्टीवर, उसाच्या फडात थेंब घेऊन गेल्या, म्हणून मिळाले. अर्थात् तेथेही चुका झाल्या. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यात बारा बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुण्याचे सॅनिटायझर पाजले गेले. अशा वेळी जाब विचारणे हा आपला हक्क आहे. दुसऱ्या रविवारी मूल घरी ठेवणे हा त्याचा उपाय नव्हे.

तेव्हा पिंगळीच्या त्या ताईंना माझे उत्तर असे. गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नऊ महिने पुरे झाल्यावर, वर्षाच्या आत द्यावी. मुलगी दहा महिन्यांची झाली आहे, उशीर करू नये. दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. नर्सबाईंना विचारावे : ही कोणती लस, कशासाठी, ताप आला तर काय करावे, कोणाकडे जावे. विचारण्यात संकोच नको. सांगणे हे त्यांचे काम आहे. टोचल्यावर अर्धा तास तेथेच बसावे. बाळाचे कार्ड जपून ठेवावे व त्यावर तारीख लिहून घ्यावी. ऊसतोडीस जाताना ते कार्ड बरोबर न्यावे. दुसऱ्या जिल्ह्यातही लस मिळते. आणि पुढे कधी कोणी लशीच्या नावाने धान्य अडविले, तर दुकानात भांडत बसू नये. तारीख, वेळ व नकाराचे कारण लिहून तहसील कार्यालयात व जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. अर्ज लिहिता येत नसेल तर विहारातल्या शिकलेल्या मुलाने तो लिहून द्यावा.

हे सारे मी गेल्या महिन्यात पुन्हा पिंगळीस गेलो तेव्हा त्यांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “सुई तर देऊन आणली, साहेब. दोन दिस लेक तापली. दोन दिसाची मजुरी बुडाली, ती कोणत्या अर्जात लिहायची?”

त्या अर्जाचा नमुना माझ्यापाशी नव्हता. कायद्याची पुस्तके उलथीपालथी केली. अजून सापडलेला नाही.