हनुग्रह

‘हनु’ म्हणजे जबडा व ‘ग्रह’ म्हणजे पकड. शाळेंत हा समास मीं अनेकदां सोडवून दाखविला. परंतु त्याचा अर्थ मला घरच्या पंगतींत कळला.

माझ्या धाकट्या बंधूंना जिभेच्या मुळाशीं कर्करोग झाला. सात आठवडे भांडुपाहून परळास आगगाडीनें जाऊन त्यांनीं किरणोपचार घेतले व रोग हटला. घशाची आग होई म्हणून पेज व गुरगुट्या भात सुरू झाला. त्या वेळीं तें योग्यच होतें. पुढें आग शमली, पण आमची माया आवरेना. त्यांच्या पानांत पोळी येईना. ‘बोलून शिणूं नका’ असेंहि आम्ही बजावीत असूं. चार महिन्यांनीं ते म्हणाले, “दादा, चमचा दातांना अडतो.”

किरणांनीं रोगाबरोबर चर्वणाच्या स्नायूंनाहि इजा पोंचते. त्यांत चिवट तंतू वाढून ते आखडतात, आणि ही क्रिया उपचार संपल्यावरहि महिनोन्‌महिने चालते. तोंड ३५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी उघडूं लागलें कीं जबडा आखडला असें डॉक्टर समजतात. घरगुती माप सोपें आहे: रोग्याचीं स्वतःचीं तीन बोटें, एकावर एक धरून, पुढच्या दातांमध्यें मावावींत. बंधूंचीं दोनच मावत. मग जेवणच नव्हे, तर दांत घासणें व डॉक्टरांनीं घसा तपासणें हेंहि कठीण होतें.

व्यायामाचा कागद रुग्णालयानें पहिल्याच आठवड्यांत दिला होता. तो नीट घडी करून औषधांच्या डब्यांत ठेवणारा मीच!

आतां दिवसांतून पांच वेळां ते तोंड सावकाश उघडतात, ताण जाणवेल पण कळ येणार नाहीं इतकेंच, आणि जबडा दोन्ही बाजूंस हलवितात. डॉक्टरांनीं दाखविल्याप्रमाणें लांकडी पट्ट्या एकावर एक रचून दातांमध्यें धरतात. त्या मोजण्याचें काम नातीकडे आहे. वर्षभरांत पंधराच्या अठरा झाल्या. तीन बोटें अजून मावत नाहींत. पण वरणांत भिजविलेली पोळी ते पंगतींत बसून खातात.

ज्यांच्या घरीं असा रोगी असेल त्यांनीं हा व्यायाम डॉक्टरांना विचारून उपचारांबरोबरच सुरू करावा, आणि दर आठवड्यास बोटांचें माप घ्यावें. तोंड एकाएकीं कमी उघडूं लागल्यास डॉक्टरांस त्वरित दाखवावें. क्वचित् तें रोग परतल्याचेंहि लक्षण असतें. आणि तो कागद डब्यांत न ठेवतां भिंतीवर लावावा.