अवकाशातली चवळी परत कोण आणणार?

३० डिसेंबर २०२४ रोजी श्रीहरिकोटाहून पीएसएलव्ही-सी६० हा प्रक्षेपक उडाला. उपग्रह कक्षेत सोडून झाल्यावर त्याचा चौथा टप्पा वाया न घालवता शास्त्रज्ञांनी तो फिरती प्रयोगशाळा म्हणून वापरला. या टप्प्यावरच्या एका बंद पेटीत चवळीचे ८ दाणे होते. चार दिवसांत त्यांना मोड आले, मग पानेही फुटली. विद्यार्थी मित्रांनो, ही बातमी तुमच्यापैकी अनेकांनी वाचली असेल. पुढे त्या रोपांचे काय झाले हे मात्र फारसे कोणी विचारले नाही. ४ एप्रिल २०२५ रोजी तो टप्पा पेटीसकट वातावरणात शिरला आणि त्याचे जे काही उरले ते हिंदी महासागरात पडले.

प्रयोग यशस्वी झाला, यात शंका नाही. पण आपल्या हाती आली ती छायाचित्रे आणि आकडे. आता चवळीचे मूळ जमिनीत खालीच का जाते, ते आठवा. मुळाच्या टोकाशी असलेल्या काही पेशींत पिष्टाचे जड कण असतात. ते पेशीच्या तळाशी बसतात आणि मुळाला ‘खाली’ कोणती बाजू ते कळते. भारहीन अवस्थेत ‘खाली’ असे काही नसतेच. मग ते कण कोठे बसले? छायाचित्रावरून हे सांगता येणार नाही. मुळाचा पातळ छेद घेऊन तो सूक्ष्मदर्शकाखाली धरावा लागेल, आणि त्यासाठी मूळ हातात असावे लागेल.

पुढच्या उन्हाळ्यात शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर गेले. तेथे त्यांनी मेथी आणि मूग रुजवले. ते मोड पृथ्वीवर आणून त्यांच्या पुढच्या पिढ्या वाढवून पाहायच्या, असा धारवाडच्या संशोधकांचा बेत होता. १५ जुलै २०२५ रोजी शुक्ला ज्या कुपीतून प्रशांत महासागरात उतरले ती अमेरिकन होती. मेथीला परतीची वाट होती ती माणसाच्या सोबतीने आणि दुसऱ्याच्या गाडीतून. चवळीला तीही नव्हती.

माझे म्हणणे एवढेच आहे की, भारताने स्वतःची एक लहानशी, मानवरहित, पुन्हापुन्हा जाऊन येणारी मालकुपी बाळगावी. हे आपल्याला अवघड नाही, कारण एकदा आपण ते केलेले आहे. १० जानेवारी २००७ रोजी पीएसएलव्ही-सी७ ने ५५० किलोग्रॅमची ‘एसआरई-१’ ही कुपी कक्षेत नेली. तिच्यात धातू वितळवण्याची एक छोटी भट्टी होती, शिवाय स्फटिक तयार करण्याचा एक प्रयोग होता. बारा दिवसांनी, २२ जानेवारीला, ती परतली. वातावरणात शिरताना तिचा वेग सेकंदाला सुमारे ८ किलोमीटर होता. ५ किलोमीटर उंचीवर येईपर्यंत तो सेकंदाला १०१ मीटरवर आला. मग हवाई छत्र्या उघडल्या आणि सकाळी ९ वाजून ४६ मिनिटांनी, श्रीहरिकोटापासून सुमारे १४० किलोमीटर पूर्वेला, बंगालच्या उपसागरात ती सेकंदाला १२ मीटर वेगाने पाण्यावर टेकली. पहिल्याच प्रयत्नात! त्यानंतरची अठरा वर्षे मात्र एकही भारतीय कुपी कक्षेत जाऊन परत आली नाही. मला याचे फार वाईट वाटते.

परत येणे हे जाण्याइतकेच कठीण काम आहे, हे नीट समजून घ्या. सेकंदाला ८ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या एक किलोग्रॅम वस्तूची गतिज ऊर्जा काढा. उत्तर येईल सुमारे ३ कोटी २० लाख ज्यूल. एक लिटर पाणी ३० अंश सेल्सिअसपासून तापवून त्याची पूर्ण वाफ करायला साधारण साडेपंचवीस लाख ज्यूल लागतात. म्हणजे कुपीच्या दर किलोग्रॅममागे बारा लिटर पाण्याची वाफ होईल एवढी ऊर्जा काही मिनिटांत कोठेतरी घालवायची आहे. ती कुपीतच शिरली तर आतल्या रोपांची राखही मिळायची नाही.

उपाय पहिल्यांदा ऐकताना उलटा वाटतो. कुपी टोकदार नको, बोथट हवी. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेतील ज्युलियन ॲलन यांनी दाखवून दिले की, बोथट वस्तूपुढची हवा एकदम दाबली जाऊन वस्तूपासून काही अंतरावर आघाततरंग तयार होतो. बरीचशी उष्णता त्या दाबलेल्या हवेत राहते आणि बाजूने निघून जाते. (केवळ ‘घर्षणाने’ उष्णता निर्माण होते, असे पुष्कळ पुस्तकांत छापलेले असते, खरे तर हवा दाबली जाणे हे तिचे मोठे कारण आहे. शिक्षकांनी हे वर्गात अवश्य सांगावे.) जी थोडी उष्णता कुपीपर्यंत पोचते ती कवच अडवते. एसआरई-१ ला सिलिकाच्या फरशा आणि कार्बन-फिनॉलिकचे नाक होते.

आणि सगळे जमले तरी एक बारीकशी चूक पुरते. अमेरिकेच्या डिस्कव्हरर मालिकेतल्या पहिल्या बारा खेपांत एकही कुपी हाती लागली नाही. तेराव्या खेपेला, ११ ऑगस्ट १९६० रोजी, ती समुद्रातून उचलता आली. कक्षेतून परत मिळालेली ती माणसाने बनवलेली पहिली वस्तू. पुढच्याच आठवड्यात चौदावी कुपी खाली येत असताना विमानाने आकड्यात अडकवून हवेतच पकडली. तिच्यात हेरगिरीची फिल्म होती! २००४ साली सौर वाऱ्याचे कण घेऊन आलेल्या ‘जेनेसिस’ या कुपीत वेगातील घट ओळखणारे खटके उलटे बसवलेले होते. छत्री उघडलीच नाही आणि कुपी ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेगाने युटाच्या वाळवंटात आदळली. तरी तुकड्यांतून बरेच नमुने वाचवता आले. अशी कामे हातात सराव असल्याशिवाय जमत नाहीत, आणि अठरा वर्षांत एकदा करून सराव होत नसतो.

कोणी म्हणेल, गगनयान प्रकल्पात माणसांसाठी कुपी होतेच आहे, तीच वापरू. एक पार्सल आणायला कोणी अख्खी एस.टी. पाठवते का? माणसांच्या कुपीला हवा लागते, संकटात सुटकेची सोय लागते, उतरताना धक्का माफक असावा लागतो. चवळीला यातले फारसे काही नको. दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. उपकरणेच वर पाठवा आणि तपासणी तेथेच करा, असे काहीजण म्हणतात. काही प्रयोगांना ते चालेलही. पण वर नेलेले उपकरण आजचे असते आणि खाली आणलेला नमुना उद्याच्या उपकरणाची वाट पाहू शकतो. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ च्या अंतराळवीरांनी चंद्रावरून आणलेली मातीची एक बंद नळी शास्त्रज्ञांनी २०२२ साली उघडली, ती याच हिशेबाने.

जपानने हे ओळखले. त्याची एचटीव्ही ही मालवाहू याने काम संपल्यावर वातावरणात जळून जात. २०१८ साली अशाच एका यानासोबत त्यांनी लहानशी कुपी जोडली आणि प्रथिनांचे स्फटिक तिच्यातून पृथ्वीवर आणले. ते थंड ठेवायला काय वापरले असेल? आपण चहासाठी वापरतो तसल्याच निर्वात दुहेरी भिंतीच्या थर्मासचा मोठा भाऊ. त्यासाठी वीज लागली नाही. अमेरिकेत तर २०२३ साली एका खासगी कंपनीने एका औषधाचे स्फटिक कक्षेत तयार केले. कुपी मात्र उतरण्याची परवानगी वेळेवर न मिळाल्याने कित्येक महिने वरच फिरत राहिली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये खाली आली. उतरायची जागा आणि परवानगी यांची व्यवस्थाही आधीच करावी लागते. आपल्याकडे पूर्वेला मोकळा समुद्र आहे, आणि तेथून कुपी उचलून आणण्याचे काम आपल्या नौदलाने व तटरक्षक दलाने २००७ मध्ये केलेले आहे.

आता हे तुमच्या वर्गात करून पाहा. समजा, अशा कुपीत तुमच्या शाळेला १०० ग्रॅमची जागा मिळाली. काय पाठवाल? अटी तीन. वस्तू दोन आठवडे कोणी हात न लावता टिकली पाहिजे. कुपी पाण्यावर आदळते तेव्हाचा धक्का तिने सोसला पाहिजे. आणि तिसरी अट सर्वांत अवघड: ती परत आल्यावर तुम्ही तिच्यावर असे काहीतरी करून दाखवले पाहिजे, जे तिच्या छायाचित्रावर करता आले नसते.