टॅपेट वाजू द्या!

गाडीचं इंजिन बिनआवाजी असलं पाहिजे, असं मानणारा एक मोठा पंथ आपल्याकडे आहे. त्याचे अनुयायी दुसऱ्याच्या बॉनेटला कान लावतात आणि नाडी पाहिलेल्या वैद्याच्या चेहऱ्यानं सांगतात, "टिकटिक येतेय हं!" या पंथाशी माझं उघड भांडण आहे. कारण एके काळी मीही त्याची दीक्षा घेतली होती आणि दक्षिणा म्हणून एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मोजला होता.

गोष्ट १९८७ सालची. चांदवडला मी गणित शिकवत होतो आणि फंडातून कर्ज काढून एक म्हातारी अँबॅसडर पोसत होतो. तिचे टॅपेट वाजत. माझी काही तक्रार नव्हती. पण पुण्याचे मेव्हणे आले. त्यांना रेणुकामातेच्या दर्शनाला नेत होतो, तर वाटेत म्हणाले, "भाऊजी, ही गाडी आहे की शिलाईचं मशीन?"

झालं! पुढच्याच आठवड्यात मी नाशिकच्या एका गॅरेजात हजर. "आवाज बंद करा," एवढंच सांगितलं. मिस्त्रीनं काही विचारलं नाही, काही मोजलं नाही. आठही टॅपेट आवळले, पैसे घेतले. गाडी अशी गप्प झाली, की इंजिन चालू आहे ना, ते मी वाटेत दोनदा थांबून पाहिलं. वर्ग चिडीचूप असला की मास्तरला वाटतं सगळ्यांना अपूर्णांक समजले, तसा मी खूश होतो.

तीन महिन्यांनी मालेगावहून येताना राहुडच्या घाटात गाडीचा जीव गेला. म्हणजे चालत होती, पण कांद्यानं भरलेला एक ट्रॅक्टर मला मागं टाकून गेला आणि ट्रॉलीवरच्या पोरानं हात हलवून मला निरोपही दिला.

चांदवडात हायवेला माझ्याच एका माजी विद्यार्थ्याचं गॅरेज होतं. गणितात दोनदा नापास. त्यानं इंजिन चालू ठेवून प्लगच्या वायरी एकेक करून काढल्या. तिसरी काढली तरी इंजिनाला काही फरक पडेना. "हा सिलिंडर मेलाय," तो म्हणाला. "सर, आवाज कुणी बंद केला?"

"मीच करवला."

"मग बरोबर."

हेड उतरवल्यावर त्यानं व्हॉल्व्ह माझ्या हातात ठेवला. कड उंदरानं कुरतडलेल्या भाकरीसारखी! अहो, व्हॉल्व्हची दांडी तापली की लांब होते. त्या वाढीसाठी रॉकर आणि दांडीच्या मध्ये थोडी जागा सोडलेली असते. या इंजिनाला १५ थाऊ, म्हणजे ०.३८ मिलिमीटर. ती जागा खाल्ली, की व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह मिटून बैठकीला टेकतो तेव्हाच अंगातली बरीचशी उष्णता टाकतो. टेकायलाच मिळालं नाही, तर जळता वायू फटीतून सुटतो आणि कड खातो. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असलं, तर हे मिनिटाला दीड हजार वेळा!

मग त्यानं मला टॅपेट लावणं शिकवलं. "आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असला, की पहिल्याचं अंतर मोजायचं. सातवा दाबलेला, की दुसऱ्याचं. बेरीज कायम नऊ, सर." गणितात दोनदा नापास केलेला मुलगा मला बेरीज शिकवत होता, आणि मी मान डोलावत होतो. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक रॉकर कव्हरवर आणि मूठ कानाशी धरली, की आवाज कुठला ते कळतं. टॅपेटची टिकटिक इंजिनाच्या निम्म्या चालीनं येते. इंजिन चालू असताना वाजणाऱ्या फटीत फिलर गेजची पट्टी सरकवावी. टिकटिक थांबली, की चोर सापडला.

आता माझं म्हणणं नीट ऐका. वाजणं चांगलं, असं मी म्हणत नाही. खडखडणारा टॅपेट रॉकर झिजवतो, त्याला सोडू नये. पण कानानं फक्त संशय घ्यावा. निकाल पट्टीनं द्यावा. मोजल्याशिवाय आवाज दाबणं याला दुरुस्ती म्हणत नाहीत.

यावर पंथीय म्हणतात, "आता हायड्रॉलिक टॅपेट आलेत, वाद मिटला." कुठला मिटला? तिथं फट तेल भरून काढतं, एवढाच फरक. ज्या इंजिनात ते स्क्रूनं लावायचे असतात, तिथं आधी फट शून्य करायची आणि मग कंपनीच्या पुस्तकात सांगितलं असेल तेवढाच आटा आत दाबायचा. असा टॅपेट वाजला तर प्रथम तेलाची पातळी आणि दाब बघा. तेल उतरलेला टॅपेट आवाज जाईपर्यंत आवळलात, तर तेल भरल्यावर तोच व्हॉल्व्ह उघडा धरून ठेवील. पुढची भाकरी कोण कुरतडतं, ते मी सांगितलंच आहे.

दिवाळीला मेव्हणे पुन्हा आले. गाडीत बसले, कान टवकारले. "भाऊजी, अजून वाजतेच की!"

"वाजतेय ना," मी म्हटलं. "बरोबर १५ थाऊ वाजतेय."