बैल वाचवायचा तर आधी कुत्र्याला लस

घोड्याला रेबीज होतो का? हो, होतो. माथेरानच्या घोड्याला होऊ शकतो, वरातीतल्या घोडीला होऊ शकतो आणि जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावरच्या बैलाला, शेळीलाही. अमेरिकेतल्या घोड्यांच्या डॉक्टरांची संघटना तर प्रत्येक घोड्याला दरवर्षी ही लस द्या, असं सांगते. आपल्याकडे घोडे कमी, बैल जास्त. प्रश्न मात्र तोच: कुत्रा चावण्याआधीच जनावराला लस टोचायची का?

तुमच्यापैकी जे जव्हारला शिकतात आणि सुट्टीला पाड्यावर जातात, त्यांनी जरा हिशेब करून बघा. बैलजोडी म्हणजे घरातली मोठी पुंजी. ऐन आवणीच्या तोंडावर एक बैल गेला तर चिखलणी कशी करणार? रेबीजची लक्षणं दिसली की उपाय संपला, माणसात काय नि जनावरात काय. खरी भीती तर पुढेच आहे. अशा बैलाच्या तोंडातून लाळ गळते, त्याला गिळता येत नाही. घरच्यांना वाटतं, घशात काहीतरी अडकलंय. मग बाबा किंवा काका सरळ तोंडात हात घालतात. हातावर साधा ओरखडा असला तरी ती लाळ धोक्याची.

‘मग टोचा की सगळ्यांना!’ असं म्हणाल. पण ही लस २ ते ८ अंश तापमानात जपावी लागते, ठरावीक काळाने पुन्हा द्यावी लागते. प्रत्येक बैल, गाय, शेळीला ती पदरच्या पैशाने देणं पाड्यावर कुणाला परवडणार?

म्हणून माझं मत सरळ आहे. डोस मोजके असतील तर पहिला मान कुत्र्याचा. माणसाला होणारा रेबीज ९९ टक्के वेळा कुत्र्यामुळेच होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बैलापर्यंतही तो बहुतेकदा तसाच पोचतो. परिसरातल्या ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की ही साखळी तुटते. गोव्यात दारोदारी जाऊन कुत्र्यांना लस दिली गेली आणि २०२१ मध्ये त्याला ‘रेबीज नियंत्रित राज्य’ घोषित करण्यात आलं.

पाड्यावर कोण येणार, हा प्रश्न रास्त आहे. पण लाळ्या-खुरकुताची लस द्यायला माणसं येतातच ना? २०२२ मध्ये लम्पी आला, तेव्हाही राज्यभर जनावरांना मोफत लस दिली गेली. गायीला सुई टोचली जाते, तेव्हा कुत्रा दाराशीच बसलेला असतो. त्याच फेरीत त्यालाही टोचा, ही मागणी ग्रामसभेत मांडा. मुहूर्तही आहे: २८ सप्टेंबर, जागतिक रेबीज दिन. दिवाळीनंतर कितीतरी घरं वीटभट्टीवर जातात, मग कुलपाला लस देणार का?

एनएसएसवाल्यांनो, कुत्र्यांची घरोघरी यादी करा. पकडायचं काम तुमचं नाही, मालकालाच दोरी लावून आणू द्या.

आणि कुणाला चावलाच, तर जखमेवर हळद-चुना नको. साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि तडक सरकारी दवाखाना गाठा. जनावराला चावला तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवा. चावल्यानंतरही लस देता येते, पण ती लगेच द्यावी लागते.

पुढच्या सुट्टीला घरी गेलात की दाराशी शेपूट हलवणाऱ्याकडे बघा. याला शेवटची लस कधी दिली, एवढं घरात विचारा.