परवाना कडक, पहारा सैल : बोरिवलीच्या गोळीबारामागचा दीडशे वर्षांचा इतिहास

(१) ८ फेब्रुवारी २०२४. बोरिवलीची आयसी कॉलनी. फेसबुकवर थेट प्रक्षेपण झाले आणि त्यातच माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. गोळ्या झाडणाऱ्या मॉरिस नोरोन्हाने नंतर स्वतःचाही जीव घेतला. ते पिस्तूल गावठी नव्हते. त्याला रीतसर परवाना होता. पण तो मॉरिसच्या नावावर नव्हता. तो त्याच्या अंगरक्षकाचा होता आणि उत्तर प्रदेशात दिलेला होता.

(२) अशी घटना घडली की एक ठरलेला युक्तिवाद पुढे येतो, खाकी वर्दीतूनही येतो : ‘गुन्हेगार परवाना मागायला येत नाहीत. नियम आणखी कडक केले तर त्रास फक्त सज्जनांना होईल. कायदा पुरेसा आहे, बाकीचे अधिकाऱ्याच्या तारतम्यावर सोडा.’ हा धागा त्या युक्तिवादाच्या विरोधात आहे.

(३) अमेरिकेत हा विरोध उघड असतो. जून २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कचा शतकभर जुना परवाना-नियम रद्द केला. राज्याने लगेच लपवून शस्त्र बाळगण्याबाबत नवा, कडक कायदा केला, तेव्हा तिथल्या शेरीफांच्या संघटनेने त्यावर जाहीर टीका केली. शेरीफ निवडून येतो. आपल्या मतदारांसमोर तो कायद्याविरुद्ध बोलू शकतो. मुंबईत पोलिसांना असे पत्रक काढण्याची गरजच पडत नाही. परवान्यावरची सही त्यांचीच असते.

(४) ही सही कुठून आली? १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत शस्त्र कायदा झाला. देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा आणि युरोपियनाला सूट, असा तो कारभार होता. शस्त्र कोणाला द्यायचे हे साहेबाच्या मर्जीवर ठरे. काँग्रेसने सुरुवातीच्या अधिवेशनांपासूनच या अपमानाविरुद्ध ठराव केले, ते रास्तच होते.

(५) म्हणूनच १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकाला देण्यात आला होता. इतिहासप्रेमींना हे ठाऊक असते आणि त्यातले काही जण इथेच थांबून म्हणतात, ‘शस्त्रनियंत्रण ही इंग्रजांची देणगी.’ पण कथा इथे संपत नाही.

(६) डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामथ यांनी हाच हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती सुचवली. डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. हा हक्क सरसकट दिला तर गुन्हेगारही तो मागू शकेल, असा त्यांचा आक्षेप होता. आजच्या कलम १९ मध्ये सभा घेण्याचा हक्क आहे, पण ‘शांततेने आणि विनाशस्त्र’. शस्त्र हा हक्क नसून जबाबदारीने दिलेली परवानगी आहे, हा निर्णय लिटनचा नाही. तो स्वतंत्र भारताचा आहे.

(७) पुढे १९५९ चा शस्त्र कायदा आला आणि १९६२ मध्ये लागू झाला. अर्जदाराबद्दल जवळच्या पोलिस ठाण्याचा अहवाल मागवायचा आणि मग परवाना द्यायचा की नाही हे ठरवायचे, अशी त्याची पद्धत. ग्रामीण जिल्ह्यात अहवाल पोलिसांचा आणि सही जिल्हाधिकाऱ्याची. पण जिथे पोलिस आयुक्त आहे, तिथे या कायद्याच्या व्याख्येत ‘जिल्हा दंडाधिकारी’ म्हणजे पोलिस आयुक्तच. अंधेरी असो वा मुलुंड, घाटकोपर असो वा बोरिवली : चौकशी करणारे खाते आणि सही करणारे खाते एकच आहे.

(८) तारतम्याचे समर्थन करणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा. ठाण्याचा अहवाल मुदतीत आला नाही, तर त्याची वाट न पाहता निर्णय घेण्याची मुभाही कायदा देतो. तारतम्य योग्य हातांत असेल तर ती सोय ठरते, अयोग्य हातांत असेल तर पळवाट. आणि इथे बाहेरून तपासणारे कोणी नाही. दाद मागायची ती राज्य सरकारकडे, आणि तीही ज्याला परवाना नाकारला गेला त्याने. चुकीने दिलेल्या परवान्याविरुद्ध शेजाऱ्याने कुठे जावे?

(९) २०१९ च्या दुरुस्तीकडे पाहा. एका माणसाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रे राहतील, असे ठरले. मूळ मसुद्यात तर एकच होते. हे ठळकपणे सांगितले गेले. पण त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली, त्याची चर्चा फारशी झाली नाही. शस्त्रे कमी झाली, पण दोन तपासण्यांमधले अंतर वाढले. पाच वर्षांत माणूस कर्जबाजारी होतो, वैरात पडतो, दुसऱ्याच्या पदरी नोकरीला लागतो.

(१०) बोरिवलीत नेमके हेच दिसले. परवानाधारक तीस दिवसांहून अधिक काळासाठी शस्त्रासह दुसरीकडे राहायला गेला, तर तिथल्या परवाना अधिकाऱ्याला त्याने कळवावे, असा नियम आहे. स्वतःचे शस्त्र दुसऱ्याच्या हाती देणे हाही गुन्हा आहे, आणि त्या अंगरक्षकाला शस्त्र कायद्याखाली अटकही झाली. मात्र अटक झाली ती माणूस मेल्यावर. परराज्यातला परवाना घेऊन उपनगरांत खासगी अंगरक्षक आणि गनमॅन म्हणून काम करणाऱ्यांची शस्त्रे रात्री कोणाच्या कपाटात असतात, हे आधी विचारणे कोणाचे काम होते?

(११) ‘खरा धोका गावठी कट्ट्याचा’ हे अर्धे खरे आहे. बेकायदा शस्त्रांचा बंदोबस्त झालाच पाहिजे. पण त्याच आठवड्यात, २ फेब्रुवारीला, उल्हासनगरच्या हिललाइन पोलिस ठाण्यात गोळीबार झाला आणि गुन्हा नोंदवला गेला तो तत्कालीन आमदार गणपत गायकवाड यांच्यावर. ते कोणी फरारी टोळीवाले नव्हते. आणि जम्मू-काश्मीरमध्ये २०१२ ते २०१६ या काळात दिल्या गेलेल्या २.७८ लाखांहून अधिक परवान्यांची चौकशी सीबीआयला करावी लागली. तिथेही नियम कागदावर कडकच होते.

(१२) ‘इतक्या परवान्यांवर लक्ष ठेवणे अशक्य’ हा शेवटचा बचाव. तोही टिकत नाही. प्रत्येक निवडणुकीत छाननी समिती बसते, परवानाधारकांची नावे तपासते, संशयितांना शस्त्रे ठाण्यात जमा करायला लावते. मतदानापुरते जे जमते, ते दरवर्षी का जमू नये?

(१३) मागणी साधी आहे. परवान्याची दरवर्षी तपासणी व्हावी. बाहेरून आलेल्या प्रत्येक शस्त्राची नोंद स्थानिक ठाण्यात असावी आणि ते ठेवण्याची जागा प्रत्यक्ष पाहिली जावी. आणि परवान्याच्या निर्णयात पोलिसांबाहेरचा एक तरी अधिकारी असावा. याने सज्जन परवानाधारकाचे काहीही बिघडत नाही. वर्षातून एकदा शस्त्र आणि कागद दाखवावे लागतील, इतकेच.

(१४) १८७८ च्या साहेबाने हिंदी माणसावर अविश्वास दाखवला, तो अन्याय होता. त्याची भरपाई म्हणून आजच्या अधिकाऱ्यावर आंधळा विश्वास ठेवायचा, हा इतिहासाचा धडा नव्हे. सही करणाऱ्यालाही कोणीतरी प्रश्न विचारला पाहिजे, आणि तो गोळी सुटण्याआधी विचारला पाहिजे.