प्रदर्शने भरतात, गाठी पडतात का?

पावसाळा ओसरला की अहिल्यानगर जिल्ह्यात प्रदर्शनांचा हंगाम सुरू होतो. कधी कृषी प्रदर्शन, कधी महिला बचत गटांच्या मालाचे प्रदर्शन, कधी लघुउद्योजकांचा मेळावा. मैदानावर मांडव पडतो, गाळ्यांच्या रांगा लागतात, पाहुण्यांच्या हस्ते फीत कापली जाते आणि चार-पाच दिवसांनी ‘प्रदर्शनास उदंड प्रतिसाद’ असे वृत्त प्रसिद्ध होते. प्रतिसाद उदंड असतो याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच आहे की, मांडव उतरल्यावर मागे काय उरते?

अकोले किंवा पाथर्डी तालुक्यातील एखाद्या बचत गटाचे उदाहरण घ्यावे. गटातील स्त्रिया नाचणीचे पापड, कुरडया, शेंगदाण्याची चटणी घेऊन जिल्ह्याच्या गावी येतात. चार दिवस विक्री बरी होते. पाचव्या दिवशी उरलेला माल बांधून त्या एस.टी.ने परत जातात आणि पुढच्या प्रदर्शनापर्यंत गटाचे काम पुन्हा मंदावते. याच चार दिवसांत शहरातील एखादा किराणा दुकानदार किंवा वसतिगृहाची खानावळ चालविणारा गृहस्थ त्यांच्याशी अर्धा तास बसून बोलला असता, दरमहा किती माल, कोणत्या वजनाच्या पुड्यांत आणि किती दिवसांच्या उधारीवर हे ठरले असते, तर त्या गटाला वर्षभराचे काम मिळाले असते. पहिल्या प्रकारात विक्री होते, दुसऱ्यात संबंध जुळतो. आपली प्रदर्शने पहिल्याची मोजदाद करतात. दुसऱ्यासाठी त्यांत जागाच ठेवलेली नसते.

वस्तुतः या जिल्ह्याला ही गोष्ट नवी नाही. श्रीगोंदे तालुक्यातील काष्टी किंवा नेवासे तालुक्यातील घोडेगाव येथील जनावरांचा बाजार पाहावा. गिऱ्हाईक बैलाचे दात पाहते, त्याला चालवून पाहते, चार जाणत्यांना विचारते. उपरण्याखाली बोटे धरून भाव ठरविण्याची जुनी रीत याच बाजारांतली. या साऱ्यास वेळ लागतो आणि तो वेळ वाया गेला असे कोणी मानीत नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच बाजारात यायचे असल्याने विकणाऱ्यालाही शब्द जपावा लागतो. मालाच्या गुणदोषांची माहिती विकणाऱ्याला अधिक आणि घेणाऱ्याला कमी असेल तर बाजार कसा बिघडतो, हे जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एका प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले. आठवडे बाजाराने त्यावरचा उपाय पिढ्यान्‌पिढ्या जपला आहे, आणि तो म्हणजे पुन्हा होणारी भेट. चार दिवसांच्या प्रदर्शनात नेमका तोच हरवतो.

लोक एकत्र आल्याने काय घडू शकते याचा दाखलाही याच मातीत आहे. १९४५ साली बेलापूर परिसरात कालव्यावरील बागायतदारांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ होते. ऊस पिकविणारा शेतकरी गुळाच्या भावातील चढउतारांनी आणि कर्जाने पोळला होता. एका बाजूस सहकाराचा अभ्यासक, दुसऱ्या बाजूस विठ्ठलराव विखे पाटलांसारखा लोणीचा कर्ता शेतकरी, अशी गाठ पडली. भाषणे संपल्यावर परिषद संपली नाही. गावोगाव फिरून भागभांडवल गोळा करण्याचे कष्टाचे काम नंतर सुरू झाले. १९४८ मध्ये प्रवरा कारखान्याची नोंदणी झाली आणि १९५०-५१ मध्ये पहिला गळीत हंगाम पार पडला. त्या परिषदेला किती गर्दी होती हे आज कोणी विचारीत नाही. तिथे सर्वांचा प्रश्न एक होता, आणि पाठपुरावा करणारी माणसे होती.

हा अनुभव केवळ नगरचा नव्हे. जर्मनीतील लाइपझिगची जत्रा शतकानुशतके मालाने भरलेल्या गाड्यांची जत्रा होती. रेल्वे आली, माल थेट पोहोचू लागला आणि जत्रेचे प्रयोजन संपते की काय असे वाटू लागले. तेव्हा १८९५ साली तेथे केवळ नमुन्यांची जत्रा भरविण्यात आली. माल आणण्याची गरज संपली, तरी माणसांनी भेटण्याची गरज संपली नाही. आज वस्तूचे चित्र आणि भाव खिशातील दूरध्वनीवर घरबसल्या कळतात. अशा काळात प्रदर्शन केवळ वस्तू दाखविण्यासाठी भरवायचे असेल, तर त्यावर मांडवाचा खर्च तरी का करावा?

मग करावे काय? पहिली गोष्ट, प्रदर्शनापूर्वी महिनाभर गरजांची नोंद व्हावी. कोणास काय विकायचे, कोणास काय हवे, कोणाची अडचण कोणती, याच्या याद्या तालुक्याच्या ठिकाणी तयार झाल्या, तर कोणी कोणास भेटावे हे आधीच ठरविता येईल. दुसरी, मांडवाची रचना बदलावी. दोन्ही बाजूंना गाळे आणि मधून लोंढ्यासारखी वाहणारी गर्दी, वर कर्णा, अशा ठिकाणी कोणताही व्यवहार बोलला जात नाही. दर काही गाळ्यांमागे सावली, बाके आणि शांतता असलेली एक जागा राखावी. तिसरी, अनुभवी शेतकऱ्याला श्रोता न ठेवता सांगणारा करावे. हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद कसा मांडला हे जामखेडच्या शेतकऱ्याने भित्तिपत्रकावर वाचण्यापेक्षा तेथील शेतकऱ्याच्या तोंडून ऐकावे. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली ती गावरान बियाण्यांच्या जतनासाठी. पण बियाणे एका हातातून दुसऱ्या हाती जाताना पेरणीची रीतही बरोबर जाते, हे त्यांच्या कामाचे मर्म आहे. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ जिल्ह्यातच आहे. तेथील संशोधक आणि शेतकरी एका बाकावर बसतील असे तास वेळापत्रकात नेमून द्यावेत. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, तीन महिन्यांनी याच मंडळींची पुन्हा एक बैठक व्हावी आणि ठरलेल्यांपैकी काय पार पडले ते वाचून दाखवावे.

यावर आक्षेप येईल की, गर्दी नसेल तर गाळ्यांचे भाडे कोण देणार? आक्षेप पोकळ नाही. खाजगी संयोजकाला खर्च भागवावाच लागतो आणि गर्दी हाच त्याचा माल असतो. तथापि ज्या प्रदर्शनांना सार्वजनिक पैसा लाभतो, त्यांना हा युक्तिवाद लागू पडत नाही. तेथे उपस्थितीच्या आकड्याबरोबर किती गटांना कायमची मागणी मिळाली, किती अडचणी योग्य माणसापर्यंत पोहोचल्या, याचाही हिशेब मागितला गेला पाहिजे. जे मोजले जाते त्याचीच काळजी घेतली जाते, हा कारभाराचा साधा नियम आहे.

पिशवीभर पत्रके घेऊन घरी परतणारा शेतकरी आठवड्यात ती रद्दीत टाकतो. अडल्या वेळी विचारावे असे एक नाव त्याच्या वहीत नोंदले गेले असेल, तर ते मात्र वर्षानुवर्षे उपयोगी पडते. पुढच्या हंगामात मांडव घालताना संयोजकांनी एवढे जरी ध्यानी ठेवले, तरी त्या खर्चाचे चीज होईल.